२२ तासांचा नियम

वाकड्यातिकड्या दातांसाठी पूर्वी धातूच्या तारा हाच सर्वमान्य उपाय होता. १९९७ साली कॅलिफोर्नियात अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी स्थापन झाली आणि पारदर्शक अलायनरचा प्रसार सुरू झाला. आज आपल्या समाजातील अनेक घरांत बारा ते अठरा वयोगटातील मुले-मुली हे उपचार घेत आहेत. तार दाताला चिकटवलेली असते, ती मुलाला काढता येत नाही. अलायनर मात्र जेवताना काढता येतो. ही सोय मोठी आहे. उपचार रेंगाळण्याचे कारणही बहुधा तीच ठरते.

दात हाडात थेट रुतलेला नसतो. दात आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. सौम्य दाब सातत्याने मिळाला, की एका बाजूचे हाड झिजते, दुसऱ्या बाजूस नवे तयार होते आणि दात सरकतो. एक संच दाताला साधारण पाव मिलिमीटर पुढे नेतो. त्यासाठी अलायनर दिवसाचे २० ते २२ तास तोंडात असावा लागतो. दाब वारंवार सुटला तर दात मागे येऊ लागतो, पुढचा संच नीट बसत नाही आणि पुन्हा मोजमाप घेऊन नवे संच करावे लागतात. वेळ वाढतो, अनेकदा खर्चही.

व्यापारी घरांना हा हिशेब लगेच उमगेल. २४ तासांतून २२ वजा केले तर हाती १२० मिनिटे उरतात, म्हणजे अवघी अडीच सामायिके. तीन वेळचे खाणे व त्यानंतरचा ब्रश यांस प्रत्येकी ४० मिनिटे दिली, की शिल्लक शून्य. दुपारी दुकानात बसून ग्राहकासोबत घेतलेला चहा, संध्याकाळचे फरसाण, मित्रांबरोबरचे सरबत यांना या खात्यात जागाच नाही. हे पदार्थ जेवणाच्या वेळेतच घ्यावेत. अलायनर तोंडात असताना केवळ साधे पाणी चालते. गोड पेय आत अडकले तर दात किडतात. गरम चहाने प्लास्टिकचा आकार बिघडतो. उकाळलेले पाणी पिणाऱ्या घरांनी ते पूर्ण निवल्यावरच मुलाला द्यावे, आणि अलायनरही गरम नव्हे, थंड किंवा कोमट पाण्यानेच धुवावा.

मूल टाळाटाळ का करते, हे आधी जाणून घ्यावे. नवा संच घातल्यावर दोन-तीन दिवस दात ठणकतात. सुरुवातीला बोलताना जीभ अडखळते. शाळेत डबा खाताना, मित्रांसमोर लाळेने ओला झालेला अलायनर काढणे लाजिरवाणे वाटते. अशा वेळी घरी आल्या आल्या “घातला होतास ना?” असा प्रश्न रोज विचारला जातो, आणि रागावणे टाळण्यासाठी मूल “हो” म्हणते. दात सरकले नाहीत तर त्यावर पुढे इलाज करता येतो. घरात खोटे बोलण्याची सवय लागली तर ती सहजी सुटत नाही.

आपल्या परंपरेत पच्चक्खाण ज्याचे त्याने घ्यायचे असते. वडीलधारे केवळ साहाय्य करतात. येथेही तेच उपयोगी पडते. ऑर्थोडॉन्टिस्टनी तासांचे महत्त्व थेट मुलाला समजवावे. मुलाने छोट्या वहीत अलायनर काढल्याची व घातल्याची वेळ लिहावी. पालकांनी ती वही आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी पाहावी; तूट दिसली तर शिक्षा न करता कारण विचारावे. नवा संच रात्री झोपताना सुरू केला तर पहिला ठणका झोपेत सरतो. दप्तरात डबी कायम असावी. रुमालात किंवा कागदात गुंडाळलेला अलायनर हमखास कचऱ्यात जातो. आधीचा संच जपून ठेवावा. चालू संच हरवलाच, तर मुलाने भीती न बाळगता त्याच दिवशी सांगावे आणि डॉक्टरांना विचारून पुढचे पाऊल उचलावे.

चौविहार पाळणाऱ्या घरात हा नियम सोपा होतो. जेवण, दातांची स्वच्छता आणि अलायनर बसवणे ही तिन्ही कामे सूर्यास्तापूर्वी उरकली, की नवकारशीपर्यंत सुमारे बारा तास सलग मिळतात. एकासणा वा बियासणा करणाऱ्या मुलांचे तास तर आपोआप भरतात. मात्र दीर्घ तपश्चर्येत तोंड कोरडे पडते व ब्रश करण्यावर मर्यादा येतात. म्हणून पर्युषणापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. घरातील इतरांनीही मदत करावी. मूल अलायनर घालून बसले असता त्याच्यासमोर वारंवार ताट मांडणे आणि “एक घास तरी घे” असा आग्रह करणे टाळावे.

दात सरळ झाल्यावरही काम संपत नाही. ते जागी राहावेत म्हणून रिटेनर लावावा लागतो. आरंभी डॉक्टर सांगतील तितके तास, पुढे अनेक वर्षे रात्री. तोपर्यंत मूल शिक्षणासाठी वसतिगृहात गेलेले असेल आणि विचारणारे कोणी जवळ नसेल. त्या रात्री रिटेनर डबीतून बाहेर निघावा, याची तयारी आजच्या वहीपासून होते.