बाबांचा डिजिकॅम : डायल, मेन्यू आणि मी दाबलेलं ‘ओके’

[आवाज : बीप-बीप]

हा आवाज ओळखला का? ज्यांच्या घरात २००८-१० च्या सुमारास छोटा डिजिटल कॅमेरा होता त्यांनी नक्की ओळखला असेल. शटरचं बटण अर्धं दाबलं आणि फोकस मिळाला की कॅनन दोनदा वाजतो. नाही मिळाला तर एकदाच. आज तो कॅमेरा माझ्या मांडीवरच आहे, त्यामुळे मधेमधे बीप ऐकू आला तर दचकू नका.

विषय कुठून आला ते आधी सांगते. सध्या जिकडेतिकडे जुने डिजिकॅम निघतायत. कुणी कपाटातून काढलाय, कुणी पुण्याच्या जुन्या बाजारातून उचललाय. आणि सगळ्यांची तक्रार एकच : ‘अगं, रीलमध्ये फोटो भारी दिसतात, माझे नुसते हललेले येतात. आयएसओ बदल म्हणतात, पण माझ्या मेन्यूत ते ऑप्शनच नाही!’

ते ऑप्शन आहे. दिसत नाही, कारण वरचा डायल ऑटोवर आहे. आजच्या भागातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच, म्हणून आधीच सांगून टाकली. फोनवर मोड बदलला तरी सेटिंग्ज तिथल्या तिथे असतात, अशी आपल्याला सवय. या कॅमेऱ्यात डायल फिरवला की मेन्यूच बदलतो. ऑटोवर असताना कॅमेरा म्हणतो, ‘सगळं मी बघतो, तू फक्त बटण दाब,’ आणि मेन्यूतल्या बहुतेक ओळी गायब करतो. एक खटका पुढे, ‘पी’वर या. त्या ओळी परत येतात.

माझ्याकडचा कॅमेरा आहे कॅननचा पॉवरशॉट ए५९० आयएस. २००८ चं मॉडेल, ८ मेगापिक्सेल, चारपट झूम, दोन पेन्सिल सेलवर चालतो. बाबांनी २००९ च्या दिवाळीत घेतला होता. तुमच्याकडे सोनी किंवा निकॉन असेल तर बटणांच्या जागा वेगळ्या असतील, पण गोष्टी त्याच.

डायलवर काय काय आहे? ऑटो. मग पी, टीव्ही, एव्ही, एम. आणि मग चित्रं : बाईचा चेहरा, डोंगर, चांदणी वगैरे. ‘टीव्ही’चा दूरदर्शनशी काही संबंध नाही, ते ‘टाइम व्हॅल्यू’. शटर किती वेळ उघडं राहील ते तुम्ही ठरवायचं, बाकी कॅमेरा बघतो. ‘एव्ही’ म्हणजे ‘ॲपर्चर व्हॅल्यू’, भिंगाचं भोक किती मोठं ते तुम्ही ठरवायचं. खरं सांगू? या कॅमेऱ्यात एव्हीच्या नादाला लागू नका. सेन्सर नखाएवढा आहे, त्यामुळे भोक लहान-मोठं करून मागचं सगळं धूसर-बिसर होत नाही. ते फोन सॉफ्टवेअरने करतो, आणि मोठे कॅमेरे मोठ्या सेन्सरमुळे. ‘एम’मध्ये दोन्ही तुमच्या हातात. रात्री कॅमेरा कठड्यावर ठेवून शटर पंधरा सेकंद उघडं ठेवायचं असेल तेव्हा तिकडे जा. चित्रांवाले मोड हौसेपुरते.

म्हणून पी. पीमध्ये शटर आणि ॲपर्चरचं गणित कॅमेरा सांभाळतो. फ्लॅश, आयएसओ आणि रंग तुमच्याकडे. तीनच गोष्टी.

आता मेन्यू. या कॅमेऱ्यात मेन्यू दोन आहेत आणि लोक तिथेच गोंधळतात. गोल बटणांच्या मधोमध ‘फंक्शन/सेट’ लिहिलेलं बटण आहे, तो मिसळणाचा डबा. आयएसओ, व्हाइट बॅलन्स, फोटोचा आकार असं रोज लागणारं सगळं तिथे. आणि ‘मेन्यू’ नावाचं वेगळं बटण आहे, ती माळ्यावरची ट्रंक. तारीख, आवाज, डिजिटल झूम (तो पहिल्यांदा बंद करा, तो फक्त फोटो कापून मोठा करतो), आणि पान्याच्या चित्राखाली ‘फॉरमॅट’.

या फॉरमॅटपाशी मी थांबणार आहे, कारण तिथे मी घाण करून ठेवली होती.

मैत्रिणीचं लग्न होतं. मी ठरवलं, यावेळी डिजिकॅमच न्यायचा. साताऱ्याला घरी गेले, कपाटातून कॅमेरा काढला, सेल घातले, चालू झाला. नवीन कार्डही घेतलं होतं. नवीन कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावं, हे बरोबरच आहे. तर रात्री अकरा वाजता, झोपेत, मी मेन्यू, पाना, फॉरमॅट, ओके असं केलं. मग नवीन कार्डाचं पाकीट टेबलावर दिसलं. न फोडलेलं.

आत होतं ते जुनं कार्ड. २ जीबीचं. त्यात आजीचे फोटो होते. आजी २०१३ मध्ये गेली. त्या फोटोंची दुसरी प्रत कुठेही नव्हती, कारण ‘एकदा कॉपी करून ठेव गं’ हे बाबा मला सहा वर्षं सांगत होते. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. दिवसभर लोकांना बॅकअप घ्यायला सांगते.

वाईट गोष्ट अशी की कॅमेऱ्याने मला विचारलं होतं. फॉरमॅटच्या स्क्रीनवर कार्ड केवढं आहे आणि त्यातलं किती वापरलंय हे दोन्ही लिहून येतं. तिथे दीड जीबीच्या वर आकडा होता. कोरं कार्ड दीड जीबी भरलेलं कसं असेल? मी वाचलंच नाही. आपल्याला स्क्रीनवरची खिडकी दिसली की ओके दाबायची सवय लागलीय. आणि दुसरं, बाबांनी त्यातल्या बऱ्याच फोटोंना किल्लीचं चिन्ह लावून ठेवलं होतं. कॅमेऱ्यात ‘प्रोटेक्ट’ नावाचं ऑप्शन असतं, ते लावलं की फोटो चुकून डिलीट होत नाही. डिलीट होत नाही, पण फॉरमॅट त्या किल्लीला विचारत नाही. फॉरमॅट केलं की प्रोटेक्ट केलेलेही जातात. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. मॅन्युअल कोण वाचतं!

मग काय केलं? पहिली गोष्ट, कॅमेरा बंद केला. एकही फोटो काढला नाही. कार्ड काढलं आणि त्याच्या कडेचा छोटा खटका ‘लॉक’कडे सरकवला, म्हणजे चुकूनही काही लिहिलं जाऊ नये. घरात असं कुणाचं झालं तर एवढं तरी लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल.

का, ते सांगते. कार्डावर दोन गोष्टी असतात : फोटो, आणि कोणता फोटो कुठे आहे याची नोंदवही. साधं फॉरमॅट ती नोंदवही कोरी करतं. तलाठ्याच्या दप्तरात सात-बारावरचं नाव खोडलं, असं समजा. नाव गेलं, पण शेतात पीक उभंच आहे. नवा माणूस येऊन नांगर घालेपर्यंत ते तसंच राहणार. तुम्ही काढलेला प्रत्येक नवा फोटो म्हणजे नांगराचं एक तास. त्याच फॉरमॅटच्या स्क्रीनवर ‘लो लेव्हल फॉरमॅट’ असा एक चौकोन असतो. त्यावर टिक केली असती तर शेतच नांगरलं गेलं असतं. नशिबाने मी ती केली नव्हती. हुशारीने नाही, तो चौकोन दिसलाच नव्हता.

लॅपटॉपवर ‘फोटोरेक’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालवलं. ते नोंदवही बघतच नाही. कार्डावरचा डेटा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतं आणि जेपेग फाइल जिथे सुरू होते ती खूण शोधतं. कॅमेरा फोटो सहसा सलग लिहितो, म्हणून हे जमतं. पहाटे तीनपर्यंत ५०० च्या आसपास फोटो आले. नावं सगळी गेली, ‘आयएमजी’ आणि पुढे नंबर असं काही उरलं नाही, नुसते लांबलचक आकडे. सातआठ फोटो खालून अर्धे करडे. बाकी धडधाकट.

सकाळी बाबांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “मिळाले ना? मग चहा घे.”

नावं गेल्यामुळे क्रम लावायला मला प्रत्येक फोटोच्या पोटातली माहिती काढावी लागली. प्रत्येक जेपेगमध्ये कॅमेरा लिहून ठेवतो : तारीख, शटर, आयएसओ, फ्लॅश उडाला की नाही, व्हाइट बॅलन्स कुठे होता. ‘एक्झिफटूल’ नावाच्या टूलने ते वाचता येतं. आणि वाचता वाचता मला कळलं की आमच्या घरात हा कॅमेरा नीट वापरता येणारा एकच माणूस आहे, आणि तो मी नाही.

आजीच्या जवळपास सगळ्या फोटोंत फ्लॅश बंद. आयएसओ २०० किंवा ४००. शटर सेकंदाचा आठवा भाग, कधी पंधरावा. एवढ्या हळू शटरवर हातातला फोटो हलायलाच हवा, पण हललेला एकही नाही. मी विचारलं, “बाबा, हे कसं केलंत?”

“तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. फ्लॅश उडाला की चिडायची. मग बंद करून टाकला.”

“आणि हलले कसे नाहीत?”

“डब्यावर ठेवायचो आणि दोन सेकंदाचं लावायचो.”

दोन सेकंदाचं म्हणजे सेल्फ टायमर. आपण बटण दाबतो ना, त्या दाबण्यानेच कॅमेरा हलतो. दोन सेकंद थांबलं की तो धक्का जिरतो. अंधारात फोटो काढण्याची याहून स्वस्त युक्ती मला माहीत नाही. फोन रात्री एकामागोमाग अनेक फोटो घेऊन त्यांची मोट बांधतो, म्हणून हात हलला तरी खपून जातं. या कॅमेऱ्याकडे एकच फोटो असतो. अर्धं बटण दाबल्यावर नारिंगी दिवा लुकलुकला तर समजा, प्रकाश कमी आहे, फोटो हलणार. डबा शोधा. नाहीतर आयएसओ वाढवा, पण ४०० च्या पुढे गेलात की दाणे दिसायला लागतात. काहींना तेच दाणे हवे असतात, त्यांनी खुशाल ८०० ला जावं.

पुढचा प्रश्न व्हाइट बॅलन्सचा. बाबांचं सेटिंग सगळीकडे ‘टंगस्टन’. मी म्हटलं, “टंगस्टन का ठेवलं होतं?”

“कसलं टंगस्टन? बल्बचं चित्र होतं. आपल्याकडे बल्ब होता. म्हणून बल्ब.”

बस. याहून चांगलं मलाही समजावता येणार नाही. बल्बचा उजेड पिवळा; बल्बचं चित्र निवडलं की कॅमेरा तेवढा निळा मिसळतो आणि भिंत पांढरी दिसते. ढगाचं चित्र उलट करतं, फोटो जरा उबदार करतं. संध्याकाळचे फोटो सोनेरी हवे असतील तर ढग लावून बघा. पण एक आहे. हे सेटिंग कॅमेरा बंद केल्यावरही तसंच राहतं. आमच्याकडे २०१२ मध्ये ट्यूबलाइट आली आणि बाबा चित्र बदलायला विसरले. त्या वर्षीच्या गणपतीत आमचं अख्खं घर निळं आहे. मोदकसुद्धा.

आता तारीख. त्या फोटोंपैकी बऱ्याच जणांवर चुकीची तारीख होती. पेन्सिल सेल काढले तरी घड्याळ चालू राहावं म्हणून आत एक छोटा बटण सेल असतो, माझ्या मॉडेलमध्ये सीआर१२२०. तो संपला की कॅमेरा प्रत्येक वेळी तारीख विचारतो आणि आपण ‘नंतर बघू’ म्हणतो. ज्यांना फोटोच्या कोपऱ्यातली ती नारिंगी तारीख हवी आहे त्यांनी हे आधी तपासा. माझ्या कॅमेऱ्यात ती तारीख फोटोचा आकार ‘पोस्टकार्ड’ ठेवला तरच छापता येते, आणि तेव्हा फोटो १६०० बाय १२०० चा लहान येतो. एकदा छापली की पुसता येत नाही. चुकीची असेल तर कायमची चुकीची.

जुना कॅमेरा विकत घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी पटकन. मेन्यू भलत्याच भाषेत असेल तर कॅननच्या बऱ्याच पॉवरशॉटमध्ये फोटो बघायच्या मोडला जा, फंक्शन/सेट दाबून धरा आणि मेन्यू दाबा. भाषांची यादी उघडते. (जपानच्या बाजारासाठी बनवलेल्या काही कॅमेऱ्यांत दुसरी भाषाच नसते, ते घेण्याआधी बघा.) आणि कार्ड : फार जुने कॅमेरे २ जीबीपर्यंतचंच साधं एसडी घेतात, त्यानंतरचे ३२ जीबीपर्यंतचं एसडीएचसी. ६४ चं कार्ड घालून ‘कॅमेरा बिघडला’ म्हणू नका. सेटिंगचा फारच गोंधळ झाला तर ‘रीसेट ऑल’ करा, त्याने फोटो जात नाहीत. फॉरमॅट आणि रीसेट एकाच यादीत असतात, तेवढं वाचून दाबा.

मैत्रिणीच्या लग्नात मी पीवर होते. हळद अंगणात होती, फ्लॅश बंद, ढगाचं चित्र. रात्री हॉलमध्ये फ्लॅश चालू केला आणि माणसांच्या जवळ गेले, कारण हा चिमुकला फ्लॅश दोन-तीन मीटरच्या पुढे काही उजळत नाही. ९० फोटो काढले, त्यातले ४० बरे आले. जुनं कार्ड आता आईच्या कपाटात आहे, खटका लॉककडे. त्यातले फोटो माझ्या लॅपटॉपवर आहेत, एका हार्ड डिस्कवर आहेत, आणि बाबांच्या फोनमध्येही. बाबा ते रोज कुणाला ना कुणाला पाठवत असतात. निळ्या मोदकांसकट.

[आवाज : बीप]

एकदाच वाजला. फोकस नाही मिळाला, खोलीत अंधार झालाय. दिवा लावते. भेटू पुढच्या भागात!