जुन्या गाडीखालचा डाग काय सांगतो?

जुनी मोटार विकत घेताना ग्राहकाची नजर प्रथम रंगावर, मग टायरवर आणि शेवटी किलोमीटरच्या आकड्यावर जाते. गाडीच्या पोटाखाली वाकून पाहणारे थोडेच. वास्तविक व्यवहार फायद्याचा की तोट्याचा, हे पुष्कळदा तिथल्या ओलाव्यावरच ठरते. थेंब दाखवून विचारणा केली, तर विक्रेत्याकडून एक ठरलेले उत्तर मिळते: ‘गाडी जुनी आहे साहेब, थोडं पाझरणारच.’ हे उत्तर सर्वस्वी खोटे नसते आणि खरी अडचण तीच आहे. इंजिनाच्या माथ्यावरील टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलणे हे थोडक्या वेळाचे काम. इंजिन व गिअरबॉक्स यांच्या मधले सील बदलायचे, तर अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. जमिनीवरचा थेंब मात्र दोन्ही बाबतींत जवळपास एकाच जागी पडू शकतो.

तेल कोठून येते हे समजण्यासाठी इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत कशी पोहोचते, ते ध्यानात घ्यायला हवे. मारुती ८००, अल्टो, सँट्रो, स्विफ्ट यांसारख्या पुढील चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्यांत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच कवचात, इंजिनाला चिकटून असतात. त्यातून दोन ड्राइव्ह शाफ्ट पुढच्या दोन चाकांकडे जातात. बोलेरो, सुमो, क्वालिस किंवा ओम्नी या गाड्यांत मागील चाके फिरतात. तेथे गिअरबॉक्सपासून लांब प्रॉपेलर शाफ्ट मागे जातो आणि मागच्या अॅक्सलमध्ये डिफरन्शियल बसवलेले असते. फिरणारा शाफ्ट स्थिर कवचातून जेथे जेथे बाहेर पडतो, तेथे तेथे एक ऑईल सील असते. गळतीच्या बहुतेक कहाण्या या सीलपाशीच सुरू होतात.

सील म्हणजे धातूच्या कड्यात बसवलेली रबराची पातळ ओठासारखी कड. बारीक गोल स्प्रिंग तिला शाफ्टवर दाबून धरते. शाफ्ट आणि ही कड यांच्यामध्ये तेलाचा अतिसूक्ष्म थर असतो. तो नसेल तर रबर घासून जळेल. म्हणजे सीलच्या कडेशी किंचित ओल दिसणे हा दोष नव्हे. उष्णतेने रबर कडक होते, महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत ते सुकते आणि मग थेंब धरू लागतो. याखेरीज शाफ्टवरच घासून खाच पडलेली असेल, तर नवे सीलही थोड्याच दिवसांत गळू लागते. ‘सील तीनदा बदलले तरी गळते’ या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा ही खाच असते. कुशल मेकॅनिक शाफ्टवर पातळ धातूची बाही चढवतो किंवा नवे सील किंचित पुढे-मागे बसवून कडेला नवी जागा देतो.

निदानाची पहिली पायरी घरच्या घरी होण्यासारखी आहे. रात्री गाडी सपाट जागी उभी करून खाली पांढरा पुठ्ठा किंवा कालचे वर्तमानपत्र अंथरावे आणि पुढच्या चाकांच्या जागा त्यावर खुणेने दाखवाव्यात. सकाळी डाग कोठे आणि किती, हे कळते. याहूनही चांगला पुरावा म्हणजे विक्रेत्याच्या सोसायटीतील पार्किंगची फरशी. गाडी बाहेर आणून दाखवली जाते. वर्षानुवर्षांचा डाग मात्र तेथेच राहतो. म्हणून गाडी तिच्या नेहमीच्या जागीच, आणि इंजिन थंड असताना पाहण्याचा आग्रह धरावा. उलटपक्षी, दहा वर्षे जुन्या गाडीचे इंजिन खालून वरपर्यंत चकचकीत धुतलेले असेल, तर आनंदित होण्यापेक्षा सावध झालेले बरे. नव्या गाड्यांना खालून प्लॅस्टिकचे आवरण असते. त्यावर साठलेले तेल भलत्याच टोकाला टपकते, त्यामुळे थेंबाच्या जागेवर फार विसंबून चालत नाही.

आता द्रव ओळखण्याकडे वळू. इंजिन ऑईल डिझेल गाडीत अल्पावधीतच काळेकुट्ट होते, पेट्रोल गाडीत तपकिरी. गिअर ऑईल अधिक दाट आणि मधासारखे असते. त्याची खरी ओळख म्हणजे वास: गिअरच्या दात्यांचे रक्षण करणाऱ्या गंधकयुक्त रसायनांमुळे त्याला कुजकट, लसणासारखा दर्प येतो. एकदा हुंगला की विसरत नाही. काही कंपन्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्येही पातळ तेल वापरतात. त्यामुळे मॅन्युअल पुस्तिकेतील पान आधी पाहावे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल बहुधा लाल रंगाचे असते आणि जुने झाल्यावर तपकिरी होते. मात्र जुन्या हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमध्येही पुष्कळदा तेच लाल तेल असते. तेव्हा नुसता रंग पाहून गिअरबॉक्सला दोषी ठरवू नये. ब्रेक ऑईल फिकट पिवळे आणि पातळ असते. शंका असल्यास थेंब पाण्यात टाकावा. ब्रेक ऑईल पाण्यात मिसळून जाते, बाकीची तेले तरंगतात. कूलंट हिरवे किंवा गुलाबी व पाण्यासारखे असते. ते विषारी असल्याने चव घेऊन पाहण्याचा जुना उपाय कटाक्षाने टाळावा. एसीचे स्वच्छ पाणी पाहून घाबरणारेही कमी नाहीत. त्याची चिंता नको.

द्रव कळला, पण उगम? तेल गुरुत्वाकर्षणाने खाली आणि धावत्या गाडीच्या वाऱ्याने मागे जाते. म्हणून जेथे थेंब लोंबतो तेथे न पाहता, ओलाव्याचे सर्वांत वरचे आणि सर्वांत पुढचे टोक शोधायचे. तेलकट थर साचला असेल, तर तो भाग धुऊन, कोरडा करून, वीस-तीस किलोमीटर चालवून पुन्हा रॅम्पवर चढवावा. विक्रेत्याने धुणे आणि आपण धुणे यांत फरक एवढाच, की आपण नंतर पाहतो. एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर तेलात चकाकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याखाली वाट शोधता येते. चाकाच्या आतील बाजूला काळे ग्रीस उडालेले दिसले, तर ती तेलगळती नव्हे. ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यावरचे रबरी बूट फाटलेले आहे. गाडी पूर्ण वळवताना कटकट आवाज येऊ लागला असेल, तर बूट बदलण्याची वेळ निघून गेली असून सांधाच बदलावा लागेल.

सर्वांत महागडी जागा म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधले घंटेच्या आकाराचे कवच. त्याच्या तळाशी थेंब असेल, तर संशयित तीन. क्रँकशाफ्टचे मागचे सील गेले असेल, तर इंजिन ऑईल येते. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील गेले असेल, तर दर्प असलेले गिअर ऑईल. आणि हायड्रॉलिक क्लचचा सिलिंडर आतल्या बाजूस असेल, तर ब्रेक ऑईल. अनेक लहान गाड्यांत क्लच केबलवर चालतो. तेथे तिसरा संशयित आपोआप बाद होतो. परंतु शिक्षा तिघांचीही सारखीच, गिअरबॉक्स उतरवणे. सीलची किंमत मजुरीच्या मानाने किरकोळ. मात्र हा निवाडा करण्यापूर्वी टॅपेट कव्हर जरूर पाहावे. तेथून गळणारे इंजिन ऑईल इंजिनाच्या पाठीवरून ओघळत नेमके याच कवचाच्या तळाशी येते आणि धांदरट मेकॅनिक क्रँकचे सील बदलण्याचा खर्च सांगून मोकळा होतो. हे तेल क्लच प्लेटवर पोहोचले आहे का, हेही तपासता येते. कात्रजच्या घाटासारख्या चढावर वरच्या गिअरमध्ये पाय दाबला असता इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग वाढत नाही आणि जळका वास येतो, तर क्लच प्लेटही गेली असे समजावे.

सील चांगले असूनही तेल बाहेर पडण्याचे एक कारण सर्रास दुर्लक्षिले जाते. गिअरबॉक्स आणि अॅक्सल तापले, की आतली हवा प्रसरण पावते. तिला बाहेर पडण्यासाठी ब्रीदर नावाची छोटी नळी असते. ती चिखलाने बुजली, तर दाब सीलवर येतो आणि तेल मिळेल त्या वाटेने निघते. नळी साफ करायला पाच मिनिटे लागतात. सील बदलण्याआधी ती पाहिली का, एवढाच प्रश्न गॅरेजमध्ये विचारला, तरी समोरचा माणूस कसा काम करतो ते कळते.

मागील चाकांनी चालणाऱ्या गाडीत आणखी दोन ठिकाणे महत्त्वाची. अॅक्सलच्या टोकाचे सील गेले, तर तेल ड्रमच्या आत ब्रेक लायनरवर उतरते. बाहेर फक्त चाकाच्या आतील बाजूला ओघळ दिसतो, आत मात्र ब्रेक निकामी होत असतो. ब्रेकचा व्हील सिलिंडर गळत असला, तरी ओघळ तसाच दिसतो; दर्पावरून फरक ओळखावा. दोन्ही परिस्थितींत ती गाडी चालवू नये. दुसरे ठिकाण डिफरन्शियलच्या तोंडाशी असलेले पिनियनचे सील. ते बदलताना नट नेमक्या मूळ जागी आला पाहिजे, कारण बेअरिंगवरचा ताण त्यानेच ठरतो. नुसता कचकचून आवळला, तर गळती थांबते आणि काही दिवसांनी मागून घोंघावणारा आवाज सुरू होतो. सीलचे काम नुकतेच झाले असे सांगितले असेल आणि साठच्या वेगाला मागून असा आवाज येत असेल, तर त्या दोन गोष्टींचा संबंध लावून पाहावा.

गळती किती यापेक्षा ती किती दिवस चालली, यावर नुकसान अवलंबून असते. बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्सला डिपस्टिक नसते, त्यामुळे तेल कमी झाल्याचे मालकाला कळतच नाही. बाजूचा फिलर प्लग उघडून पाहावे. साधारणतः तेल त्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत असायला हवे. खालचा ड्रेन प्लग उघडण्याआधी हा फिलर प्लग सैल होतो ना, याची खात्री करावी, अन्यथा तेल काढले पण भरता येत नाही, अशी फजिती होते. ड्रेन प्लगला लोहचुंबक असेल, तर त्यावरील राखाडी बारीक लेप स्वाभाविक. बोटांना टोचणारे धातूचे कण मात्र बेअरिंग किंवा दाते झिजत असल्याची खूण होत. अशा वेळी सीलची चर्चा निरर्थक ठरते.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होण्यापूर्वी ही तपासणी तटस्थ गॅरेजमध्ये, स्वतःच्या खर्चाने करून घ्यावी आणि दुरुस्तीचा अंदाज लेखी मागावा. गिअरबॉक्स उतरवायचाच असेल, तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि दोन्ही सील एकाच मजुरीत होतात. किंमत कमी करून मागताना हा एकत्रित आकडा समोर ठेवावा. गळती थांबवणारे रसायन ओतून देण्याची तयारी विक्रेत्याने दाखवली, तर नको म्हणावे. ते रबर फुगवून काही काळ डाग लपवते, एवढेच.

एका बाबतीत घासाघीस करण्यात अर्थ नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत महापूर आला. पुरात बुडालेल्या गाडीत पाणी त्याच ब्रीदरमधून गिअरबॉक्समध्ये शिरते आणि तेल दुधट, ताकासारखे होते. ऑटोमॅटिक गाडीत रेडिएटरमधला ऑईल कूलर आतून फुटला, तर कूलंट तेलात मिसळून ते गुलाबी मिल्कशेकसारखे दिसते. यांपैकी काहीच जमिनीवर गळत नाही, कागदावर डागही पडत नाही. म्हणून गाडीखालची जागा कोरडी असली, तरी प्लग उघडून बोटभर तेल पाहिल्याखेरीज पैसे मोजू नयेत. त्याचा रंग दुधट निघाला, तर गाडी तेथेच सोडावी.