विहिरीचा घेर व क्षेत्रफळ : मुलांस कसें शिकवावें

विहिरीचें खोदकाम पुष्कळ ठिकाणीं ब्रासावर ठरतें. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ठरावाच्या वेळीं "रुंदी सात फूट वाढवूं, खर्चांत फारसा फरक पडणार नाहीं," असें कोणी सहज बोलून जातो, मालकही मान डोलावितो, आणि हिशेब पुढें आला म्हणजे वाद उत्पन्न होतो. घरांतील मुलें वर्तुळाचें गणित शाळेंत शिकलेलीं असतात. परंतु विहिरीच्या कांठावर उभीं केलीं असतां कोणता आंकडा कोठें घालावा हें त्यांस सुचत नाहीं. कारण सूत्र आधीं पाठ झालें व वस्तु मागाहून आली. हा क्रम उलटा केला पाहिजे.

प्रथम घेर घ्यावा. गाडीच्या चाकाच्या कडेवर चुन्याची खूण करावी, चाक सपाट जमिनीवर एक पूर्ण फेरा चालवावें आणि खूण जमिनीस जेथें जेथें लागली त्या दोन ठिकाणांमधील अंतर मोजावें. हाच घेर, म्हणजे परिघ. नंतर मध्यांतून आडवी दोरी धरून व्यास मोजावा. थाळी व घागरीचें तोंड यांचा घेर दोरी गुंडाळून घ्यावा. प्रत्येक वेळीं मुलानें घेरास व्यासानें भागावें. वस्तु लहान असो वा मोठी, भागाकार तिनाहून किंचित् अधिक येतो. हें त्यानें स्वतः पाहिल्यावरच 22/7 हें प्रमाण सांगावें. भास्कराचार्यांनीं 1150 सालच्या लीलावतींत व्यवहारासाठीं हेंच प्रमाण दिलें असून सूक्ष्म कामास 3927/1250 हें सांगितलें आहे. 21 फूट व्यासाच्या विहिरीचा घेर पहिल्या प्रमाणानें 66 फूट येतो. त्यांत एकतृतीयांश इंचाचीही चूक नसते.

आतां क्षेत्रफळ. भाकरीएवढी जाड कागदाची चकती घेऊन तिचे मध्यापासून सोळा सारखे तुकडे करावे व ते एक सुलटा, एक उलटा असे शेजारीं शेजारीं मांडावे. तुकडे जितके बारीक, तितकी आकृति लांबट चौकोनासारखी होते. त्याची लांबी अर्धा घेर व रुंदी अर्धा व्यास. या दोहोंचा गुणाकार हेंच क्षेत्रफळ. व्यासाच्या चतुर्थांशानें घेरास गुणिलें तरी उत्तर तेंच येतें. लीलावतींतील रीतही हीच आहे.

यानंतर मुलास विहिरीवर न्यावें. 21 फूट व्यासाच्या विहिरीचें क्षेत्रफळ 346½ चौरस फूट; खोली 40 फूट असल्यास खोदकाम 138.6 ब्रास. व्यास 28 फूट केल्यास घेर 88 फूट, क्षेत्रफळ 616 चौरस फूट व खोदकाम 246.4 ब्रास. व्यास एकतृतीयांशानें वाढला, परंतु काम पाऊणपटीहून अधिक वाढलें. कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणें वाढतें.

बांधकामाकडेही लक्ष असावें. 21 फूट खोदून आंत दीड फूट जाडीची भिंत घातली, तर आंतील व्यास 18 फूटच राहतो. 40 फूट खोलीपर्यंत या दोन मापांतील अंतर सुमारें पावणेसदतीस ब्रास होतें. खोदकामाची मजुरी कोणत्या व्यासावर द्यावयाची, हें ठरावांत स्पष्ट लिहून घ्यावें. विहीर अगदीं गोल नसल्यास एकमेकांस काटकोनांत दोन व्यास घेऊन त्यांची सरासरी धरावी. जुन्या विहिरीचा व्यास घेणें अवघड असेल, तर कठड्याबाहेरून घेर मोजून त्यास 7 नें गुणावें व 22 नें भागावें. आलेल्या व्यासांतून कठड्याची जाडी दोनदां वजा करावी.

नवीन विहिरीचा ठराव सहीस आला म्हणजे वाचकांनीं तो कागद प्रथम घरांतील मुलाच्या हातीं द्यावा व हिशेब त्याच्याकडून करवावा. त्यानें एकदां खऱ्या पैशाचा आंकडा काढला, म्हणजे तें गणित तो सहसा विसरणार नाहीं. आणि बापासही सही कशावर करावयाची हें आधींच कळेल.