शहराचा धूर आणि भोर-वेल्ह्याचा ओझोन

कोणत्याही सायलेन्सरमधून किंवा धुराड्यातून ओझोन थेट बाहेर पडत नाही, आणि म्हणूनच त्याचा उगम शोधणे धूळ वा काजळीइतके सोपे नसते. इंधन जळताना नायट्रोजनची ऑक्साइडे निर्माण होतात. पेट्रोलपंपावर टाकी भरताना, रंगकामातून आणि अर्धवट जळालेल्या इंधनातून बाष्पनशील सेंद्रिय संयुगे, म्हणजे साध्या तापमानालाही वाफ होऊन उडणारे कार्बनी पदार्थ, हवेत मिसळतात. आणि कडक उन्हात या दोहोंच्या रासायनिक क्रियेतून ओझोन घडतो. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा अभ्यास करणाऱ्या आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकात ही प्रक्रिया उलगडली.

पुण्याच्या दक्षिणेला व नैऋत्येला असलेल्या भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांचा संबंध येतो तो इथेच. वर्दळीच्या रस्त्यावर वाहनांतून नुकताच बाहेर पडलेला नायट्रिक ऑक्साइड आसपासचा ओझोन नष्ट करतो. पण तीच हवा काही तासांत गावाबाहेर सरकली की नायट्रिक ऑक्साइड विरळ होतो, ऊन मात्र तेवढेच राहते, आणि ओझोन साचत जातो. हिवाळ्यात ईशान्येकडून वारा असेल तेव्हा शहरातील हवा याच डोंगरांकडे येऊ शकते. नसरापूर फाटा, किकवीवरून साताऱ्याकडे धावणाऱ्या मालमोटारींची भर तर भोरच्या हद्दीतच पडते.

स्थानिक उगमही आहेत. उन्हाळ्यात भातरोपांच्या जागेवर शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या व गवत यांचे थर रचून, वर माती पसरून राब भाजला जातो. डोंगरउतारांवर वणवे लागतात. आणि या धुमसत्या आगींतून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बने बाहेर पडतात. काही झाडेही स्वभावतःच आयसोप्रीनसारखी संयुगे सोडतात. तरीही वर्षातून थोडे दिवस पेटणाऱ्या राबाला बारमाही वाहतुकीच्या पंक्तीत बसवणे अन्यायाचे ठरेल.

ओझोन फुप्फुसांचा दाह वाढवतो, दमेकऱ्यांना त्रास देतो आणि पानांच्या रंध्रांतून शिरून पिकाची वाढ खुंटवतो. ढगाळ, धुतलेल्या हवेमुळे पावसाळी भाताला बराच दिलासा मिळतो; रब्बीचा गहू मात्र ओझोनला विशेष नाजूक असून तो वाढतो उन्हाच्याच दिवसांत.

२००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार आठ तासांच्या सरासरीत ओझोन दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावा. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची 'सफर' ही प्रणाली शहराच्या हवेची मोजणी करते व अंदाज देते. परंतु शहराच्या धुरातून घडणारा हा वायू शहराची हद्द पाळत नसल्यामुळे नसरापूर, भोर व वेल्हे येथेही ओझोनची कायमस्वरूपी मोजणी व्हायला हवी.