घर हेच रुग्णालय: गडचिरोलीच्या ‘सर्च’ने घडवलेला उपचार

गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांमध्ये १९९५-९६ या एका वर्षात जन्मलेल्या ७६३ बाळांवर ‘सर्च’ या संस्थेने पहिले २८ दिवस बारकाईने लक्ष ठेवले. गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या स्त्रिया ठरलेल्या दिवशी बाळाच्या घरी जात, त्याचे वजन करत, अंग तापले आहे की गार पडले आहे ते पाहत, आईला प्रश्न विचारून तक्ता भरत. वर्षाअखेर हिशेब झाला. ५४.४ टक्के बाळांना वैद्यकीय उपचारांची गरज पडली होती. डॉक्टरने पाहिलेली बाळे होती २.६ टक्के आणि रुग्णालयात दाखल झालेली ०.४ टक्के, म्हणजे हजारात चार. जी बाळे दगावली, त्यांच्यापैकी निम्म्यांचा बळी जंतुदोषाने, म्हणजे सेप्सिस किंवा न्युमोनियाने घेतला होता.

या जंतुदोषावर औषध नव्हते असे नाही. जेन्टामायसिन हे प्रतिजैविक १९६३ साली सापडले होते. नव्वदच्या दशकात ते स्वस्त होते आणि औषधाच्या कुठल्याही दुकानात मिळत होते. पण ते नवजात बाळाला द्यायचे तर पाठ्यपुस्तकाच्या अटी होत्या: बालरोगतज्ज्ञ हवा, रक्ततपासणी हवी, परिचारिका हवी, रुग्णालयात खाट हवी. गडचिरोलीच्या जंगलात बाळंतपण घरीच होई, पावसाळ्यात नाले भरले की वाट बंद होई आणि आजारी तान्ह्याला घराबाहेर काढायला कुटुंब धजत नसे. औषध तयार होते, उपचार तयार नव्हता.

हा उपचार कोणी तयार करायचा? औषध कंपनीला त्यात रस असण्याचे कारण नव्हते. रेणू जुना, पेटंट नाही आणि रुग्ण महाराष्ट्रातल्या सर्वांत गरीब घरांतला. जगभर हेच चित्र होते. १९७५ ते १९९९ या पंचवीस वर्षांत जगात १,३९३ नवी औषधे बाजारात आली. उष्णकटिबंधातले रोग आणि क्षयरोग यांच्यासाठी त्यांतली फक्त १६ होती. गरिबांच्या रोगांवर संशोधन करायचे तर ते नफ्याच्या बाहेर राहूनच करावे लागेल, एवढे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याने हे काम गडचिरोलीत सुरू केले. दोघांचे वैद्यकीय शिक्षण नागपूरचे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन ते परतले आणि १९८६ मध्ये त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’चे काम मांडले. चंद्रपूरपासून वेगळा होऊन हा जिल्हा १९८२ मध्ये नुकताच जन्मला होता. संस्थेचे पहिले कार्यालय तेंदूपत्त्याच्या जुन्या गोदामात होते. पुढे धानोरा रस्त्यावर शोधग्राम वसले. तिथला दवाखाना गोंडांच्या गावासारखा बांधला आणि त्याला नाव मिळाले माँ दंतेश्वरीचे. लोकांना परके वाटेल अशा इमारतीत लोक येत नाहीत, हे संस्थेने सुरुवातीलाच ओळखले होते. संशोधनाची पद्धतही त्याच समजुतीतून आली. प्रश्न गावातून घ्यायचा, उत्तर गावातच तपासायचे आणि तपासणी मात्र जगातल्या कोणत्याही विद्यापीठाला मान्य होईल इतकी काटेकोर ठेवायची.

पहिला मोठा प्रयोग बालकांच्या न्युमोनियाचा होता. न्युमोनिया ओळखायची सोपी खूण म्हणजे बाळाचा श्वास. दोन महिन्यांखालचे बाळ मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास घेत असेल, त्याहून मोठे मूल ५० किंवा अधिक, तर धोका समजायचा. पण गावातल्या कितीतरी दायांना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते. अशा वेळी दाईला अपात्र ठरवणे सोपे होते. ‘सर्च’ने तिच्या हातात बसेल असे यंत्र बनवले. श्वासमापक म्हणजे एका पट्टीवर दोन ओळींत ओवलेले मणी आणि सोबत एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ. घड्याळ उलटे करायचे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी आला तर न्युमोनिया. एक ओळ तान्ह्यांसाठी, दुसरी मोठ्या मुलांसाठी. दहापर्यंत मोजता येणारी कोणीही बाई आता निदान करू शकत होती. निदान झाले की को-ट्रायमोक्साझोल हे तोंडावाटे घ्यायचे औषध ती देई. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष आले. उपचाराच्या गावांत न्युमोनिया झालेल्यांपैकी ०.८ टक्के मुले दगावली, तुलनेच्या गावांत १३.५ टक्के.

तान्ह्या बाळाचा जंतुदोष त्याहून कठीण. इथे श्वास मोजून भागत नाही, आणि तोंडावाटेचे औषध पुरत नाही. म्हणून उपचाराचा एकेक भाग नव्याने घडवावा लागला. रक्ततपासणीऐवजी आई आणि बाळाच्या घरी जाणारी गावातली आरोग्यदूत यांना डोळ्यांनी, हातांनी कळतील अशा सात खुणा ठरल्या: आधी चांगले रडणारे बाळ क्षीण रडू लागणे, दूध ओढणे मंदावणे, बाळ मलूल होणे, अंग गार पडणे किंवा तापणे, बेंबीत वा त्वचेवर पू होणे, पोट फुगणे वा उलट्या होणे, छाती आत ओढली जाणे. यांतल्या कोणत्याही दोन एकाच वेळी दिसल्या की जंतुदोष समजायचा. आधी रुग्णालयात नेण्याचा सल्ला द्यायचा. पालक नाहीच म्हणाले तर त्यांची संमती घेऊन घरीच उपचार सुरू करायचे: मांडीत जेन्टामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडावाटे को-ट्रायमोक्साझोल. इंजेक्शन देणार गावातलीच आरोग्यदूत. वैद्यकीय जगातल्या अनेकांना ही कल्पना धोक्याची वाटणे साहजिक होते, म्हणूनच प्रशिक्षण, देखरेख आणि नोंदी यांत कसूर करून चालणार नव्हते.

३९ गावांत काम आणि तुलनेसाठी ४७ गावे, असा हा प्रयोग १९९८ पर्यंत चालला. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो छापला. उपचार सुरू होण्यापूर्वी जंतुदोष झालेल्या बाळांपैकी १६.६ टक्के दगावत होती. आरोग्यदूतांनी उपचार सुरू केल्यावर हे प्रमाण २.८ टक्क्यांवर आले. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. एका बाळामागे खर्च आला ५.३ डॉलर, आणि काळजी घेतलेल्या दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला.

नफ्याबाहेर राहून गरिबांसाठी उपचार घडवण्याच्या याच विचाराला जागतिक रूप आले ते २००३ मध्ये. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या पुढाकाराने जिनिव्हात ‘ड्रग्ज फॉर निग्लेक्टेड डिसीजेस इनिशिएटिव्ह’ स्थापन झाली. तिच्या संस्थापकांमध्ये ब्राझील, केनिया, मलेशिया आणि फ्रान्स यांच्या संस्थांबरोबर आपली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदही आहे. ही संस्था स्वतःचा कारखाना चालवत नाही. विद्यापीठ, कंपनी, सरकार आणि रुग्णालय यांना एका कामाला जुंपते, आणि सुरुवातच रुग्णाला कशा प्रकारचे औषध लागेल या प्रश्नापासून करते. आफ्रिकेतल्या निद्रारोगावर पूर्वी मेलार्सोप्रॉल हे आर्सेनिकयुक्त इंजेक्शन दिले जाई, आणि त्यानेच सुमारे पाच टक्के रुग्ण मरत. या संस्थेने एका जर्मन कंपनीने ऐंशीच्या दशकात टाकून दिलेला फेक्सिनिडाझोल हा रेणू २००५ मध्ये शोधून काढला आणि त्यातून दहा दिवस घरी घेता येतील अशा गोळ्या तयार केल्या. २०१८ मध्ये त्यांना मान्यता मिळाली. कांगोच्या गावातल्या रुग्णाला इस्पितळ गाठता येत नाही, हे त्या गोळीच्या रचनेतच गृहीत धरले आहे. गडचिरोलीच्या सात खुणा आणि मणी-घड्याळामागेही हीच दृष्टी आहे.

गडचिरोलीचे काम पुढे धोरणात उतरले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००९ मध्ये नवजात बाळांसाठी गृहभेटींची शिफारस केली. २०११ पासून भारतभर आशा कार्यकर्त्या बाळाच्या घरी भेटी देऊ लागल्या: जन्म रुग्णालयात झाला तर सहा, घरी झाला तर सात. रुग्णालयात नेणे शक्य नसेल तेव्हा बाळाला जेन्टामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडावाटे प्रतिजैविक बाहेरच देता येईल, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचनांत मान्य केले. भारतात मात्र इंजेक्शन आशाच्या हाती दिले गेले नाही. २०१४ पासून ती परवानगी एएनएमला, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेला आहे. एएनएम उपकेंद्रात असते, बाळ पाड्यावर असते. जो भाग सर्वाधिक काळजीने तपासला गेला आणि ज्याचा निकाल इतका स्पष्ट होता, तोच राष्ट्रीय कार्यक्रमात बाळाच्या घरापासून एक पाऊल लांब राहिला. दुर्गम पाड्यांसाठी तरी याचा फेरविचार व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा प्रश्न नवा आहे. जंतू औषधांना दाद देईनासे झाले आहेत. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि जिनिव्हाची तीच संस्था यांनी मिळून प्रतिजैविकांसाठी ‘जीएआरडीपी’ ही ना-नफा संस्था उभी केली. भारतासह ११ देशांतल्या ३,२०० हून अधिक आजारी नवजात बाळांचा तिचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयांतल्या कितीतरी बाळांच्या रक्तातले जंतू पहिल्या फळीच्या औषधांना जुमानत नव्हते. म्हणून आता फॉस्फोमायसिन आणि फ्लोमॉक्सेफ अशा जुन्या औषधांच्या जोड्या नवजात बाळांवर तपासल्या जात आहेत. चाचणी दक्षिण आफ्रिका आणि केनियात सुरू झाली. आजही या कामात मोठा नफा कोणाला दिसत नाही, आणि आजही ते ना-नफा संस्थाच करत आहेत.

अशा संशोधनाला पैसा लागतो, पण त्याहून अधिक लागतो वेळ. गडचिरोलीत आधी दोन वर्षे मृत्यूंची मोजदाद झाली, मग तीन वर्षे प्रयोग, आणि निष्कर्ष छापून आल्यावर बारा वर्षांनी देशाचे धोरण. देणगीदार आणि कंपन्यांचे सामाजिक निधी सहसा एका वर्षाचा अहवाल मागतात. इमारतीला, रुग्णवाहिकेला पैसा मिळतो. आरोग्यदूताच्या मानधनाला, तिच्या नोंदी तपासणाऱ्याच्या पगाराला, तुलनेच्या गावांतल्या मोजणीला मिळत नाही. महाराष्ट्रात ज्यांच्याकडे देण्यासारखे आहे, त्यांनी या न दिसणाऱ्या कामाला दहा वर्षांच्या हमीने हात द्यावा. गडचिरोलीतल्या एका बाळामागे ५.३ डॉलर पुरले होते.