टॅबला पेन कनेक्ट होत नाहीये? रीसेट मारण्याआधी हे वाचा



आजचा विषय नफा-तोट्याचा वाटणार नाही, पण ज्यांचं काम टॅबवर चालतं त्यांच्यासाठी तो रोजचा आहे. लग्नपत्रिकेचं डिझाइन, ब्लाउजचे आणि मेंदीचे नमुने, केकवर काय लिहायचं त्याचं स्केच, ऑनलाइन क्लास, नाहीतर डिलिव्हरी चलनावर ग्राहकाची सही. हे सगळं टॅबवर करायचं तर पेन लागतो. आणि हा पेन नेमका गर्दीच्या वेळी रुसतो.

कुठलं बटण कुठे आहे ते व्हिडिओत दाखवलंय. इथे मी सांगणार आहे की तपासणी कुठल्या क्रमाने करायची आणि का. क्रम चुकला की काय होतं, ते मी स्वतः भोगलंय.

माझ्या काउंटरवर काय झालं

लग्नसराईचे दिवस होते. दुकानात टॅब दोन, एक काउंटरवर आणि एक आतल्या टेबलावर. पेन मात्र एकच. एक कुटुंब पत्रिका फायनल करायला आलं होतं. नावं जरा मोठी करा, गणपती थोडा वर घ्या, एवढंच काम. मी पेन उचलला तर स्क्रीनवर काहीच उमटेना. ब्लूटूथ बंद-चालू केलं. टॅब रीस्टार्ट केला. समोर चार माणसं उभी आणि मी खाली मान घालून सेटिंग्ज चाळतोय. शेवटी वैतागून मी रीसेटच्या मेनूपर्यंत पोहोचलो. तेवढ्यात आतून आमचा मुलगा आला आणि म्हणाला, "दादा, सकाळी आवरताना पेन मी आतल्या टॅबला चिकटवून ठेवला होता."

झालं! पेन बिघडलाच नव्हता. तो दुसऱ्या टॅबशी जोडला गेला होता, कारण असा पेन एका वेळी एकाच टॅबशी बोलतो. परत काउंटरच्या टॅबला लावला आणि काही सेकंदांत चालू झाला. पण तोवर अर्धा तास गेला होता. ते कुटुंब "उद्या येतो" म्हणून गेलं ते गेलंच. आणि त्या टॅबवरच्या कामाचा बॅकअप मी घेतलेला नव्हता. पूर्ण रीसेट मारला असता तर सीझनभराची डिझाइन्स गेली असती.

बीबीएला असताना "डाउनटाइम" हा शब्द एका धड्यापुरता वाचला होता. त्याचा खरा अर्थ त्या दिवशी काउंटरवर कळला.

पहिला प्रश्न: तुमच्या पेनला कनेक्ट व्हायची गरज आहे का?

बरेच जण इथेच चुकतात. सगळे पेन ब्लूटूथवर चालत नाहीत. ढोबळमानाने तीन जाती आहेत.

१. साधा कपॅसिटिव्ह पेन. टोकाला रबराचा गोळा किंवा पारदर्शक चकती असते. आत बॅटरी नाही, ब्लूटूथ नाही. टॅबला तो बोटासारखाच वाटतो. त्यामुळे कुठल्याही टचस्क्रीनवर चालतो, पण जोरात दाबलं तर जाड रेघ, हलकं दाबलं तर बारीक, असं त्याला जमत नाही. हा पेन ब्लूटूथच्या यादीत शोधत बसू नका. तो तिथे कधीच दिसणार नाही.

२. स्क्रीनकडून ऊर्जा घेणारा पेन. सॅमसंगचा एस पेन हे नेहमीचं उदाहरण. टॅबच्या स्क्रीनखाली एक वेगळा थर असतो, तो चुंबकीय क्षेत्र तयार करतो आणि पेनमधलं छोटं कॉइल त्यातून ऊर्जा घेतं. म्हणून लिहिण्यासाठी एस पेनला चार्जिंग लागत नाही आणि पेअरिंगही लागत नाही. टॅब एस ७, एस ८ सारख्या मॉडेल्सच्या पेनमध्ये ब्लूटूथ असतं, पण ते पेनचं बटण लांबून रिमोटसारखं वापरण्यासाठी. टॅब एस ६ लाइटच्या पेनमध्ये तर ब्लूटूथ नाहीच. लोक त्याला तासभर पेअर करत बसतात!

३. बॅटरीवाला पेन. ॲपल पेन्सिल याच जातीची. शाओमी आणि वनप्लस यांचे पेनही असेच, आणि तेही त्यांच्या ठराविक टॅबसाठीच असतात. यांना चार्ज लागतो, पेअरिंग लागतं आणि मॉडेलची जोडी बरोबर लागते. आयपॅडसाठी मिळणारे इतर कंपन्यांचे बरेच स्वस्त पेन मात्र बॅटरीवर चालत असले तरी ब्लूटूथशिवाय लिहितात. पेनवरचं बटण दाबलं किंवा डोक्यावर टकटक केलं की सुरू.

तुमचा पेन यातला कुठला, हे कळलं की अर्धं काम झालं.

दुसरा प्रश्न: जोडी जमते का?

पेन टॅबजवळ नेला, चिकटला, दिसायलाही शोभतो. पण दोघांची जोडीच नसेल तर तो जन्मात चालणार नाही. याला बिघाड म्हणत नाहीत, ही खरेदीतली चूक आहे. नव्या माणसाचे सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. ॲपल पेन्सिलचे चार प्रकार लक्षात ठेवा.

- पहिली पिढी (२०१५): पूर्ण गोल, मागे टोपण, आत लाइटनिंगची पिन.
- दुसरी पिढी (२०१८): एक बाजू सपाट, आयपॅडच्या कडेला चुंबकाने चिकटते, तिथेच पेअर आणि चार्ज होते.
- यूएसबी-सी (२०२३): मागचं टोक सरकतं, आत केबलची जागा. कडेला चिकटते, पण तिथे चार्ज होत नाही. दाबाप्रमाणे रेघ जाड-बारीक होणं हिच्यात नाही.
- प्रो (२०२४): दिसायला दुसऱ्या पिढीसारखीच, म्हणून गल्लत होते.

आता गंमत बघा. २०२४ चे एम ४ आयपॅड प्रो आणि एम २ आयपॅड एअर यांच्यावर दुसऱ्या पिढीची पेन्सिल चालत नाही. तिथे प्रो किंवा यूएसबी-सी लागते. नवव्या पिढीच्या साध्या आयपॅडवर फक्त पहिली पिढी चालते. दहाव्या पिढीच्या आयपॅडवर यूएसबी-सी पेन्सिल चालते, पहिली पिढीही चालते, पण तिला वेगळा ॲडॅप्टर लागतो. म्हणजे "टॅब नवा घेतला, पेन जुनाच वापरू" हा हिशेब दर वेळी जमेलच असं नाही.

सॅमसंगमध्येही तेच. टॅब ए ९ मध्ये एस पेनचा तो थरच नाही. कितीही महागडा एस पेन आणा, एक टिंबसुद्धा उमटणार नाही.

टॅबचं नेमकं मॉडेल "सेटिंग्ज"मध्ये मिळतं. आयपॅडवर "जनरल" आणि मग "अबाउट", अँड्रॉइडवर "अबाउट टॅबलेट". आत्ताच बघून एका कागदावर लिहून ठेवा.

आता तपासणी, या क्रमाने

जोडी बरोबर आहे, तरी चालत नाही? मग हे एकेक करा. सोपं आणि बिनधोक ते आधी.

१. पेन दुसऱ्या टॅबला लागलाय का? माझी गोष्ट आठवा. दुकानात किंवा घरात दुसरा टॅब असेल तर आधी हेच विचारा.

२. चार्ज आहे का, आणि खरंच होतोय का? चिकटला म्हणजे चार्ज झाला असं नाही. जाड कव्हर मध्ये आलं तर चुंबक पकडतं, पण चार्जिंग नीट होत नाही. कव्हर काढून बघा. टॅब एस ७, एस ८ मध्ये पेन कडेला फक्त धरून ठेवला जातो. चार्ज होतो तो मागच्या पट्टीवर. पेन अनेक महिने न वापरता पडून असेल तर बॅटरी पार उतरलेली असते. लगेच निकाल लावू नका, थोडा वेळ चार्जिंगला ठेवा.

३. ब्लूटूथ चालू आहे का, एअरप्लेन मोड बंद आहे का? पहिल्या पिढीची ॲपल पेन्सिल आयपॅड रीस्टार्ट केल्यावर किंवा एअरप्लेन मोड लावल्यावर सुटू शकते. परत पेअर केली की झालं.

४. जुनी ओळख पुसा. ब्लूटूथच्या यादीत पेनच्या नावाशेजारी जाऊन "फरगेट" करा, टॅब रीस्टार्ट करा, मग पुन्हा पेअर करा. इथे एक महत्त्वाचं. ॲपल पेन्सिल यादीतून नाव निवडून पेअर होत नाही. पहिली पिढी आयपॅडमध्ये खोचायची, दुसरी आणि प्रो कडेला चिकटवायची, यूएसबी-सी केबलने जोडायची. "पेअर"चं बटण आलं नाही तर मिनिटभर चार्ज होऊ द्या आणि पुन्हा करा.

५. टोक तपासा. पेन कनेक्टेड दिसतोय पण लिहीत नाही, तर संशय निबवर. ॲपल पेन्सिलची निब आट्यांची असते. ढिली झाली की रेघ तुटते किंवा उमटतच नाही. हाताने घट्ट फिरवा. झिजून खालचा धातू दिसायला लागला असेल तर लगेच बदला, नाहीतर स्क्रीनवर ओरखडे पडतील. निब वेगळी विकत मिळते, त्यासाठी अख्खा पेन बदलायची गरज नाही.

६. स्क्रीन तपासा. जाड काच, हवेचा बुडबुडा, ओलसर हात, तेलकट डाग. वडापावचा हात पुसून मग पेन धरा! एस पेनच्या बाबतीत चुंबकावरही लक्ष ठेवा. चुंबकवाल्या कव्हरमुळे स्क्रीनच्या एखाद्या पट्ट्यातच पेन बंद पडतो. कव्हर काढलं आणि तो पट्टा जिवंत झाला, तर चोर सापडला.

७. ॲप बदलून बघा. टॅबसोबत आलेलं नोट्सचं ॲप उघडा. तिथे पेन लिहितोय आणि डिझाइनच्या ॲपमध्ये नाही, म्हणजे पेन निर्दोष आहे. त्या ॲपची सेटिंग किंवा अपडेट बघा.

८. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या टॅबवर लावून बघा. ओळखीच्या कुणाकडे तरी असतोच. तिथे चालला तर दोष तुमच्या टॅबकडे, तिथेही नाही तर पेनकडे. नवीन पेनवर पैसे टाकायचे की नाहीत, हे या एका चाचणीवर ठरवा.

हे मात्र करू नका

"रीसेट" या एका शब्दाखाली वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. नेटवर्क सेटिंग्जचा रीसेट केला की सेव्ह केलेले वायफाय पासवर्ड जातात. ते चालेल, पासवर्ड परत टाकता येतात. पण फॅक्टरी रीसेट, म्हणजे "इरेज ऑल", हे सगळं पुसतं. डिझाइन्स, फोटो, सगळं. पेनसाठी ही पायरी घ्यायचीच असेल तर ती सगळ्यात शेवटी, आणि बॅकअप घेऊन तो दुसरीकडे उघडून बघितल्यानंतरच.

वॉरंटी असेल तर पेन उघडू नका. बिल शोधा आणि सर्व्हिस सेंटरला द्या. बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवण्याची सवय आजच लावून घ्या.

जुना पेन विकत घेताय? पैसे देण्याआधी तुमचा टॅब सोबत न्या. तिथेच पेअर करा, अर्धं पान लिहा, निब बघा, चार्ज होतोय का बघा. "घरी जाऊन लावा, चालतोय" असं कुणी म्हणालं तर नमस्कार करा आणि निघा.

दुकानासाठी माझे तीन नियम

त्या दिवसानंतर मी हे पक्के केले.

पहिला, दुकान उघडलं की पेनने टॅबवर तारीख लिहायची. दहा सेकंद लागतात. बिघाड असेल तर तो सकाळी कळतो, ग्राहकासमोर नाही.

दुसरा, पाच मिनिटांचा नियम. ग्राहक समोर असताना पाच मिनिटांत पेन सुरू झाला नाही तर दुरुस्ती थांबवायची. ड्रॉवरमध्ये एक साधा कपॅसिटिव्ह पेन असतो, तो काढायचा. ॲपमध्ये "फक्त पेनने लिहा" अशी सेटिंग असेल तर ती बंद करायची, मग बोटानेही काम होतं. तेही नसेल तर कागद-पेन्सिल घ्या, बदल लिहून घ्या, ॲडव्हान्स घ्या आणि फायनल डिझाइन संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पाठवा. त्या कुटुंबाला मी एवढं जरी केलं असतं, तर ऑर्डर माझी होती. त्यांना पेनशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना पत्रिका हवी होती.

तिसरा, प्रत्येक पेनवर त्याच्या टॅबच्या नावाचं स्टिकर. काउंटरचा पेन काउंटरला, आतला पेन आत. हो, आता दुसरा पेन घेतलाय. तो घेताना मॉडेल नंबरचा कागद खिशात होता.

मित्रांनो, भांडवल कमी असताना चुकीची खरेदी आणि वाया गेलेला तास, दोन्ही जड जातात. आज दुकान बंद करताना एवढंच करा. तुमच्या टॅबचं मॉडेल, पेनची जात आणि बिलाची तारीख एका कागदावर लिहा आणि तो काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा. पेन रुसेल तेव्हा सेटिंग्जच्या आधी तो कागद बघा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!