चिमटीतले परार्ध

नोव्हेंबर २०२१ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या नायगाव तालुक्यात केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाने एक ट्रक अडवला. त्यातून ११२७ किलो गांजा निघाला. माल आंध्रातून आला होता आणि जळगावकडे चालला होता. वर्तमानपत्रांत वजन छापून आलं, कोटींमधली किंमत छापून आली. हा माल चिलमीत न जाता लाडू, बर्फी, ठंडाईत गेला असता तर किती माणसांना पुरला असता, याचा हिशोब मात्र कोणी मांडला नव्हता. तो मांडायला बसलं की पहिल्याच पायरीला डोकं गरगरतं.

गांज्यात नशा आणणारा मुख्य पदार्थ म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, थोडक्यात टीएचसी. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात खाण्याच्या वस्तूंमध्ये एका वेळचं माप १० मिलिग्रॅम टीएचसी ठरवलेलं आहे. कॅनडात तर अख्ख्या पाकिटालाच १० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. केमोथेरपीच्या रुग्णांची मळमळ थांबवण्यासाठी १९८५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली ड्रोनाबिनॉलची सर्वांत लहान कॅप्सूल २.५ मिलिग्रॅमची असते. म्हणजे १० मिलिग्रॅम हा मोठ्या माणसाचा पुरेपूर डोस झाला.

नायगावच्या मालात टीएचसी किती टक्के होतं? दाबून भरलेल्या गांज्यात फुलं, पानं, बिया, काड्या सगळं एकत्र असतं. एक टक्का धरला तर सव्वाअकरा किलो टीएचसी, म्हणजे ११ लाख २७ हजार डोस. नांदेड जिल्ह्याच्या लोकसंख्येच्या एक तृतीयांश. दहा टक्के धरले तर १ कोटी १२ लाख ७० हजार डोस. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार होती, लातूरची २४ लाख ५४ हजार. दोन्ही जिल्ह्यांतलं तान्हं बाळ आणि शंभरीची आजी धरूनही प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ दोन डोस येतात. ट्रक तोच, काट्यावरचं वजनही तेच. उत्तर मात्र दहापट इकडचं तिकडे.

घरातल्या पातेल्यातही हेच होतं, आणि तिथे तर काटाही नसतो.

टीएचसी शुद्ध रूपात वेगळं करून त्याची रचना मांडली ती इस्रायलमध्ये, राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी, १९६४ साली. त्यासाठी पोलिसांनी जप्त केलेला ५ किलो लेबनानी हशीश मेशुलम यांना मिळाला होता. रचना कळल्यावर रेणूचं वजन कळलं आणि रेणू मोजता येऊ लागले. एका मिलिग्रॅममध्ये टीएचसीचे सुमारे १९ परार्ध रेणू असतात. भास्कराचार्यांच्या लीलावतीत संख्यांची अठरा नावं आहेत, एकापासून सुरू होऊन परार्धावर संपणारी. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. ज्या गणितीचा वारसा चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख सांगतो, त्याची शेवटची संख्या इथे एका मिलिग्रॅमलाही पुरत नाही, ती एकोणीस वेळा घ्यावी लागते. माणसाच्या मेंदूत चेतापेशी साधारण ८६ अब्ज. एक मिलिग्रॅम सगळ्यांत सारखं वाटलं तर एकेका पेशीच्या वाट्याला सव्वादोन कोटी रेणू येतात. खाल्लेल्यातलं फारच थोडं तिथवर पोचतं हे खरं, पण जे पोचतं तेवढ्याने माणसाची संध्याकाळ कुठच्या कुठे जाते.

आता हे मोजायचं कशाने? स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा एका ग्रॅमखाली बोलत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ कार्यालयाने प्रयोगशाळांसाठी काढलेल्या पुस्तिकेत पानांत १ ते २ टक्के आणि मादी फुलांत १० ते १२ टक्के टीएचसी दिलेलं आहे. म्हणजे वाळलेल्या पाल्याच्या एका ग्रॅममध्ये १० ते २० मिलिग्रॅम. काट्यावर आकडा एकाने सरकला की एक किंवा दोन पूर्ण डोस सरकले. बारा मासे म्हणजे तोळा आणि आठ गुंजा म्हणजे मासा हा जुना हिशोब ज्यांना आठवतो त्यांना सांगतो: तोळ्याचा शहाण्णवावा भाग, म्हणजे एक गुंज, सुमारे १२१ मिलिग्रॅम भरते. गुंजभर पाल्यात १.२ ते २.४ मिलिग्रॅम टीएचसी. त्या लहानशा औषधी कॅप्सूलच्या जवळ जाणारं माप आपल्याकडे सोनाराच्या तराजूत होतं. मुठीत ते कधीच नव्हतं, आणि घरोघर चालते ती मूठच.

पाण्यात हा पदार्थ विरघळत नाही म्हटलं तरी चालेल. एक लिटर पाण्यात जेमतेम २.८ मिलिग्रॅम उतरतो. लातूरकरांना १२ एप्रिल २०१६ हा दिवस विसरता येणार नाही. दुष्काळात मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे त्या दिवशी आली, दहा वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. त्या सगळ्या पाण्यात मिळून टीएचसी विरघळलं असतं १ किलो ४०० ग्रॅम. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली, २५ लाख लिटरची; तिच्यात ७ किलो. नुसत्या पाण्यातून १० मिलिग्रॅम घ्यायचं तर साडेतीन लिटर पाणी प्यावं लागेल. म्हणूनच ठंडाईला दूध लागतं आणि लाडवाला तूप: हा पदार्थ स्निग्धात उतरतो. जुन्या लोकांना रेणूची रचना ठाऊक नव्हती, पण हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

किती उतरतो, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. कच्च्या पाल्यात टीएचसी बहुतांशी आम्लाच्या रूपात असतं आणि त्याने नशा येत नाही. उष्णतेने त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, वजन साधारण बारा टक्क्यांनी घटतं, आणि मग ते चढणारं रूप घेतं. किती आच, किती वेळ, भांडं उघडं की झाकलेलं, यावर अर्धं बदललं की सगळं, हे ठरतं. पुढे तुपात किंवा दुधाच्या सायीत किती उतरलं आणि चोथ्यात किती राहिलं, हा दुसरा भाग. तोंडावाटे घेतलेल्यापैकी रक्तात साधारण ४ ते १२ टक्केच पोचतं, पोट रिकामं की भरलेलं यावर तेही हलतं. हा तिसरा.

या चुका एकमेकींत मिळवून चालत नाहीत, त्या एकमेकींनी गुणल्या जातात. नुसता पाला धरला तर दुपटीचा फरक पानात. आचेत दुप्पट धरू, तुपात उतरण्यात दुप्पट धरू, शरीरात तिप्पट. दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले तीन, चोवीस. तेवढीच मूठ, तेच पातेलं, तोच हात, आणि दोन माणसांच्या रक्तात चोवीसपट फरक. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी मागितली आणि हातात १२ ग्रॅम पडलं तर काय होईल? मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा ४ ग्रॅम आहे. पाल्यात शेंडे मिसळले असतील तर पहिला दोनचा आकडा बाराचा होतो, आणि गुणाकार १४४ वर जातो.

ढवळणं तर अजून धरलेलंच नाही. अर्धा ग्रॅम वाळलेली पूड म्हणजे चिमूट. दोन टक्क्यांच्या पाल्याची ती चिमूट गुठळी होऊन एका लाडवात राहिली तर त्या लाडवात पूर्ण एक डोस जास्तीचा गेला. शेजारच्या लाडवाला काहीच मिळालं नसेल, आणि तो खाणारा सगळ्यांना सांगत सुटेल की यंदाची भांग अगदीच सौम्य आहे. माझ्या मते सर्वांत जास्त माणसं इथेच फसतात, कारण चव घेऊन बघणाऱ्याने आपल्यापुरतं खरंच सांगितलेलं असतं.

कारखान्यातही हे साधत नाही. सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस आणि सिअ‍ॅटल या शहरांतून घेतलेल्या ७५ खाद्यवस्तू तपासल्याचा अभ्यास २०१५ साली अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आला. लेबलवरचा आकडा बरोबर निघाला तो १७ टक्के वस्तूंमध्ये. २३ टक्क्यांत लेबलपेक्षा जास्त होतं, ६० टक्क्यांत कमी. ज्यांनी लेबलवर आकडा छापून माल विकला त्यांचा हा निकाल.

नांदेडचं आणि भांगेचं नातं मात्र निराळं आहे. गुरू गोविंदसिंग १७०८ साली इथे निवर्तले. होला मोहल्ल्याला आणि दसऱ्याला हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात निहंगांचे, म्हणजे शिखांमधल्या शस्त्रधारी पंथाचे, जथे येतात. निहंगांमध्ये भांगेला सुखनिधान म्हणतात आणि ती शहीदी देग म्हणून घेण्याची परंपरा आहे. शिखांमध्येही यावर एकमत नाही. २००१ साली धर्माच्या वरिष्ठांनी बंदी सांगितली तेव्हा निहंगांच्या बुढा दलाचे बाबा संता सिंग यांनी ती मानली नाही. श्रद्धेचा तो वाद त्यांचा त्यांनी सोडवावा. हिशोबाच्या बाजूने मात्र एक गोष्ट सांगायला हवी. नियमाने घेणाऱ्याच्या शरीराला सवय झालेली असते, त्याचं माप पाहुण्याला लागू पडत नाही. लातूरला महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, पुढे धुळवड येते, आणि अशा दिवसांत पहिल्यांदाच पेला हातात घेणाऱ्या पोराला वाढणारा बहुधा स्वतः सरावलेला असतो.

खाल्लेल्याचं घड्याळही उलटं चालतं. धूर मिनिटांत चढतो. खाल्लेलं पोटातून यकृतात जातं, तिथे त्याचं आणखी एक चढणारं रूप तयार होतं, आणि अर्ध्या तासापासून दीड-दोन तासांपर्यंत काहीच जाणवत नाही, असंही घडतं. शिखर दोन ते चार तासांनी येतं. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी हे १८३९ मध्येच नोंदवून ठेवलं होतं. संधिवाताच्या एका रुग्णाला त्यांनी दुपारी दोनला भांगेच्या राळेचा एक ग्रेन दिला, आजच्या मापाने ६५ मिलिग्रॅम. चारला तो खूप बोलू लागला, सहाला झोपला. आठला पाहतात तर शुद्ध नाही, आणि हात उचलून ठेवला तर तो तसाच हवेत राहतो. दोन आणि आठ, मध्ये सहा तास.

पावणेदोनशे वर्षांनी, मार्च २०१४ मध्ये, डेन्व्हरमध्ये १९ वर्षांच्या एका विद्यार्थ्याला एक कुकी मिळाली. तीत एकूण ६५ मिलिग्रॅम टीएचसी होतं, आणि ती सहा वेळची होती. विक्रेत्याच्या सांगण्याप्रमाणे त्याने आधी सहावा भागच खाल्ला. अर्धा-एक तास काही जाणवलं नाही, तेव्हा उरलेली सगळी खाल्ली. नंतर अडीच तासांनी चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून त्याने उडी मारली आणि तो गेला. त्या कुकीवर आकडा छापलेला होता. आपल्या लाडवावर काय छापलेलं असतं?

कायद्याचं माप आणखी तिसरंच. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे शेंडे आणि फुलं. त्यांच्याविना असलेली पानं व बिया त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांग त्यातून सुटते. महाराष्ट्रात ती १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याखाली आणलेली आहे. गांज्याची छोटी मात्रा एक किलोपर्यंत, व्यापारी मात्रा वीस किलोच्या वर. चरसाची शंभर ग्रॅम आणि एक किलो. २२ एप्रिल २०२० रोजी हीरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मिश्रण असेल तर शुद्ध पदार्थाचं नव्हे, सगळ्या मिश्रणाचं वजन धरायचं. पुढच्याच वर्षी मुंबईत मालाडच्या एका बेकरीतून ८३० ग्रॅम गांज्याच्या ब्राउनी पकडल्या गेल्या, आणि महिन्याभरातच दुसऱ्या एका कारवाईत १० किलो हशीशच्या ब्राउनी. मैदा, साखर, लोणी, सगळं या दहा किलोत आलं. न्यायालयापुढे किलो असतात, यकृतापुढे मिलिग्रॅम, आणि त्यांच्यात दहा लाखांचा गुणाकार आहे. ब्राउनी पाहून यापैकी एकही आकडा कळत नाही.

कळत नाही ते सर्वांत आधी लहान मुलांना. अमेरिकेच्या विषबाधा केंद्रांकडे सहा वर्षांखालील मुलांनी अशा खाद्यवस्तू चुकून खाल्ल्याची २०१७ मध्ये २०७ प्रकरणं आली, २०२१ मध्ये ३०५४. सत्तर किलोच्या बापाने जो पेढा खाल्ला तोच दहा किलोच्या लेकराने खाल्ला तर किलोमागे डोस सातपट होतो. बापाला १० मिलिग्रॅम पचलं असेल, तर लेकराच्या बाबतीत ते ७० मिलिग्रॅमच्या तोडीचं. मूल सुस्त पडलं, उठवूनही उठेना, श्वास मंद वाटला, तर सकाळपर्यंत उतरेल म्हणून थांबू नये. १०८ ला फोन करावा, भांग होती हे न लपवता सांगावं, खाल्लं कधी ती वेळ सांगावी, आणि उरलेला तुकडा डब्यासकट दवाखान्यात न्यावा.